उन्हाळ्याचं कापड: निवडायचं कसं, तपासायचं कसं, शिवायचं कसं

माझं माहेर अकोल्याचं, सासर डोंबिवलीचं. अकोल्यात आजोबा मे महिन्यात बाहेर पडायचे ते पूर्ण बाह्यांचा सदरा, वर बंडी, डोक्याला दुपट्ट्याचे चार वेढे आणि कान पक्के झाकून. सासऱ्यांचं मूळ घर देवगडकडचं. तिथे आजेसासरे त्याच मे महिन्यात कमरेला पंचा गुंडाळून उघड्या अंगाने पडवीत बसलेले असायचे. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मला वाटलं, या दोघांपैकी कोणीतरी एक चुकतंय. पुढे बावीस वर्षं शिवणकाम केल्यावर लक्षात आलं की दोघांचंही बरोबरच होतं. त्यांचं ऊनच वेगळं होतं.

आपल्या त्वचेचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून थंड असली की अंगाला लागणारा वारा उष्णता काढून नेतो. पारा ४४-४५ वर गेला की तोच वारा अंगात उष्णता भरतो. विदर्भात दुपारी पंख्याखालीही भट्टीसमोर बसल्यासारखं वाटतं ते यामुळेच. आजोबांचा दुपट्टा त्या झळा अडवायचा, आणि हवा कोरडी असल्याने आतला घाम कापडातूनही झरझर उडून जायचा. देवगडला पारा साधारण ३३-३४ चा, पण हवा ओलीगच्च. घाम उडायलाच तयार नाही. तिथे अंगावरचा प्रत्येक जादा पदर म्हणजे अडचण, आणि बसायला माडाची सावली आहेच.

एक लिटर घाम अंगावरून उडून गेला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत घेऊन जातो. ओघळून फरशीवर पडला तर जवळजवळ काहीच नेत नाही. म्हणून उन्हाळी कापडाकडून आपल्याला दोन कामं हवी असतात: ऊन अडवायचं आणि घाम उडू द्यायचा. गंमत अशी की ही दोन्ही कामं एकमेकांच्या तंगड्या ओढतात. घट्ट विणीचं कापड ऊन अडवतं पण वाराही अडवतं. जाळीदार कापड वारा देतं आणि ऊनही आत सोडतं. दुकानदार ‘ताई, प्युअर समर कॉटन आहे’ म्हणतो तेव्हा तो दुसऱ्या कामाबद्दल बोलत असतो. पहिल्याबद्दल त्याला कोणी विचारलेलंच नसतं.

आधी आपलं ऊन ओळखा

कापड घ्यायला निघण्याआधी स्वतःला चार गोष्टी विचारा. हवा कोरडी की दमट? थेट उन्हात किती वेळ? चालता-फिरता की एका जागी उभं राहून? आणि ऊन अंगाच्या कुठल्या भागावर पडणार?

नुसता पारा बघून फसू नका. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानात उष्माघाताने माणसं दगावली तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता. दमट हवा, डोक्यावर छत नाही आणि तासन्‌तास बसणं, एवढं पुरलं.

विदर्भ, मराठवाडा, खानदेश इथल्या कोरड्या उन्हात पूर्ण अंग झाकणारे, घट्ट विणीचे पण सैल शिवलेले कपडे घ्या. दोन पदरही चालतात. कोकण, मुंबई, गोव्यात सावलीत असाल तर जितकं कमी तितकं बरं. थेट उन्हात जायचं असेल तर एकच पदर, पण अंगापासून सुटा राहील असा जरा कडक. पुणे-नाशिकच्या मंडळींचा प्रश्न बहुतेक दुचाकीचा असतो, त्यावर पुढे येते.

‘कुठल्या भागावर’ याचं उत्तर महाराष्ट्रात सोपं आहे. मेच्या मध्यावर मुंबई-पुण्यात आणि शेवटच्या आठवड्यात नागपुरात शून्य सावलीचा दिवस येतो. भर दुपारी सूर्य बरोब्बर माथ्यावर. म्हणजे आपल्याकडचं उन्हाळ्यातलं दुपारचं ऊन आडवं येत नाही, वरून ओततं. डोकं, खांदे, मानेची मागची बाजू, पायाचे पंजे आणि गाडीच्या मुठीवर धरलेल्या हातांची पाठ, ही माराची ठिकाणं. छाती आणि मांड्या त्या मानाने सुटतात. जाड किंवा दुहेरी कापड कुठे हवं आणि पातळ कुठे चालेल, हे इथेच ठरतं.

धाग्याच्या नावाआधी वीण

सगळे विचारतात, ‘कॉटन चांगलं की लिनन?’ हा प्रश्न नंतरचा. सूर्याचे अतिनील किरण कापडातून आत येतात ते सर्वांत जास्त धाग्यांमधल्या फटींतून.

कापडाच्या या ताकदीला एक आकडा आहे, यूपीएफ. यूपीएफ ५० म्हणजे अतिनील किरणांचा पन्नासावा हिस्सा, २ टक्के, आत येतो. यूपीएफ १५ म्हणजे पंधरावा हिस्सा, पावणेसात टक्क्यांच्या आसपास. सनस्क्रीनच्या बाटलीवरचा एसपीएफ वेगळा: तो त्वचा लाल व्हायला किती वेळ लागतो यावरून काढतात, तर यूपीएफ यंत्राने कापडातून किरण सोडून मोजतात. कपड्यांसाठी असं मानक ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडने १९९६ साली काढलं. दुकानातल्या लेबलवर नुसतं ‘यूव्ही प्रोटेक्शन’ लिहिलेलं असेल आणि आकडा नसेल, तर त्याला छापील नक्षीइतकंच महत्त्व द्या.

आता हिशेब बघा. एखाद्या कापडात फटींचं क्षेत्रफळ १० टक्के असेल, तर त्याचा यूपीएफ १० च्या वर जाऊच शकत नाही, मग धागा पोलादाचा का असेना. ५० पर्यंत जायचं तर फटी २ टक्क्यांच्या आत हव्यात. साधा पांढरा सुती टी-शर्ट ५ ते ७ च्या आसपास असतो, आणि ओला झाला की त्याहून खाली येतो. उलट जीन्सचं कापड जवळजवळ सगळंच अडवतं. पण मेमध्ये जीन्स घालून अकोल्याच्या बसस्टँडवर उभं राहायची शिक्षा मी कोणाला देणार नाही.

याच हिशेबातून एक युक्ती निघते. १० टक्के फटींच्या कापडाचे दोन पदर एकमेकांवर घेतले तर फटीवर फट क्वचितच येते. दहा टक्क्यांचे दहा टक्के, म्हणजे उरतो साधारण १ टक्का. धागाही थोडे किरण आत सोडतोच, त्यामुळे प्रत्यक्षात फायदा याहून कमी. तरीही पातळ मलमलीचे दोन पदर एका जाड पदरापेक्षा सरस ठरतात, कारण मधे हवा खेळती राहते. आजोबांच्या दुपट्ट्याचे चार वेढे उगाच नव्हते.

दुकानात करायच्या चाचण्या

या पाच मिनिटांत होतात. दुकानदार वैतागेल. वैतागू द्या.

थानाचं टोक उलगडा, एकच पदर ट्यूबलाइटकडे किंवा दाराकडे धरा आणि डोळ्याजवळ आणा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके सगळीकडे दिसले तर ते कापड एका पदराने उन्हात वापरायचं नाही. मंद, एकसारखा उजेड दिसतो पण ठिपके दिसत नाहीत, तर चांगलं. मग दोन पदर करून पुन्हा बघा. फरक पाहून तुम्हालाच नवल वाटेल.

तेच कापड तोंडावर ताणून धरा आणि फुंकर मारा, दुसरा हात पलीकडे ठेवा. हाताला वारा लागायला हवा. अजिबात लागत नसेल तर दमट हवेत ते कापड गोणपाटासारखं होईल, ठिपके नसले तरी.

नंतर दोन्ही हातांत आडवं ओढा. ताणलं की विणीतल्या फटी उघडतात. होजिअरीचे (बनियनसारख्या विणीचे) आणि लायक्रा हा ताणला जाणारा धागा मिसळलेले कपडे दुकानात हातात घेतले की घट्ट विणीचे वाटतात; अंगावर खांद्यापाशी, कोपरापाशी ताणले जातात आणि नेमकं तिथेच ऊन आत शिरतं. अशा कापडाचं काही घ्यायचंच असेल तर एक माप मोठं घ्या.

मुठीत दहा सेकंद चुरगळा आणि सोडा. सुताला, लिननला आणि रेयॉनलाही सुरकुत्या पडणारच. एकही सुरकुती नसेल आणि दुकानदार ‘शंभर टक्के कॉटन’ म्हणत असेल, तर काठाचे दोन-तीन धागे मागून घरी न्या.

घरी ते धागे चिमट्यात धरून, खाली बशी ठेवून, काडीने पेटवा. सूत, लिनन, रेयॉन कागदासारखे जळतात, तसाच वास येतो आणि बोटाने चुरडता येईल अशी राखाडी राख उरते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि थंड झाल्यावर टणक काळा मणी होतो. केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम किंवा लोकर. राखही आहे आणि मणीही आहे, तर ते मिश्रण. एकदा लग्नाच्या ऑर्डरसाठी एका दुकानातून मी ‘प्युअर कॉटन’ म्हणून अठरा मीटर कापड उचललं होतं. घरी आल्यावर मण्यांची माळ झाली असती इतके मणी. तेव्हापासून आधी काडी, मग कात्री.

पाण्याच्या थेंबाची चाचणी मात्र दुकानात करू नका. कोऱ्या कापडाला खळ असते, थेंब मोत्यासारखा बसून राहतो आणि चांगलं कापडही नापास होतं. एकदा धुऊन वाळवा, मग थेंब टाका. लगेच पसरला तर घाम टिपेल आणि पसरवेल. जेवढा ओला डाग मोठा, तेवढं उडायला क्षेत्र जास्त.

रंगाचं त्रांगडं

लहानपणापासून ऐकलेलं असतं की उन्हाळ्यात पांढरं घालावं. हे खरं आहे, पण अर्धं.

ऊन म्हणजे नुसते अतिनील किरण नव्हेत. जमिनीवर पोहोचणाऱ्या सौर ऊर्जेत त्यांचा वाटा जेमतेम ५ टक्के. बाकी दिसणारा प्रकाश आणि डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण. कातडी काळवंडते, भाजते ती मुख्यतः त्या पाच टक्क्यांमुळे, आणि अंग तापतं ते उरलेल्या पंच्याण्णवमुळे. पांढरा रंग प्रकाश परतवतो, म्हणून कमी तापतो. पण ब्लीच केलेलं पातळ पांढरं सूत अतिनील किरणांना फारसं अडवत नाही. गडद रंग ते शोषून घेतो आणि त्वचेपर्यंत येऊ देत नाही, मात्र स्वतः तापतो.

मग वाळवंटातले बदू लोक काळे झगे का घालतात? यावर १९८० साली ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता. काळ्या झग्याचं कापड जास्त तापतं हे खरं, पण झगा इतका सैल की ती जादा उष्णता मधल्या हवेबरोबर निघून जाते. अंगापर्यंत पोहोचणारी उष्णता काळ्या आणि पांढऱ्या झग्यात सारखीच भरली. यातून काळा झगा शिवायचा असा अर्थ काढू नका. सैल कपड्यात रंगाचा जाच कमी होतो, अंगाला चिकटलेल्या कपड्यात तो पूर्ण जाणवतो, एवढं लक्षात ठेवा.

मी गिऱ्हाइकांना सुचवते ते मधले रंग: खाकी, मातकट, विटकरी, मध्यम निळा, मेंदी. काम उन्हातलं असेल तर हे. घरात किंवा संध्याकाळी हवं ते पांढरं. कोरं, ब्लीच न केलेलं कापड मिळालं तर सोडू नका. कापसाचा तो पिवळसर रंग त्यातल्या नैसर्गिक द्रव्यांचा असतो आणि ती द्रव्यं अतिनील किरण शोषतात. ब्लीचमध्ये ती निघून जातात.

कापडं, एकेक करून

मलमल उन्हाळ्याची राणी, पण घरातली. एका पदराची मलमल घालून दुपारी बाहेर पडणं म्हणजे चाळणी डोक्यावर धरून पावसात जाणं. ओढणी, दुपट्टा, बाळाची झबली, दुहेरी कुर्ता यांसाठी मात्र हिच्यासारखं दुसरं काही नाही.

व्हॉइल दिसायला मलमलीसारखं, पण त्याच्या धाग्याला पीळ जास्त. त्यामुळे कापड किंचित करकरीत राहतं आणि घामाने अंगाला लगेच चिकटत नाही. कोकणपट्टीत मी मलमलीपेक्षा व्हॉइल सुचवते. ब्लाउजसाठी टू बाय टू रुबिया घेतात तेही याच घराण्यातलं, फक्त उभा-आडवा दोन्ही धागा दुपदरी, म्हणून जास्त टिकाऊ आणि कमी पारदर्शक.

केम्ब्रिक आणि पॉपलिन ही दोन नावं लिहून ठेवा. घट्ट, सपाट वीण, धागा बारीक, वजन माफक. थेट उन्हात घालायच्या शर्टाला, सनकोटाला माझी पहिली पसंती केम्ब्रिकला. उजेडाच्या चाचणीत ठिपके जवळजवळ नाहीत आणि फुंकर तरीही पलीकडे जाते.

खादी म्हणजे हातकताई आणि हातविणाई. धागा कमी-जास्त जाडीचा, पीळ मऊ, म्हणून घाम पटकन टिपते. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात नैसर्गिक रंगातली खादी हातात घेऊन पाहण्यासारखी आहे. गांधीजींच्या हस्ते १९३८ मध्ये सुरू झालेली ही संस्था कापसाच्या मुलखात आहे हेही छानच. पण सगळी खादी सारखी नसते. काही थानं पडद्यासारखी विरळ, काही गोधडीसारखी जाड. इथे उजेडाची चाचणी सक्तीची.

लिनन जवसाच्या झाडापासून निघतं, म्हणजे ज्याच्या बियांची चटणी आपण भाकरीबरोबर खातो त्याच झाडापासून. फक्त धाग्यासाठीचं उंच वाण मुख्यतः फ्रान्स-बेल्जियमकडे पिकतं. धागा ताठ असल्याने कापड अंगापासून सुटं उभं राहतं, खालून वारा वाहतो. घाम पितं आणि लवकर वाळतं. दमट हवेसाठी मला हे सर्वांत आवडतं. फक्त बरंचसं लिनन विरळ विणीचं येतं आणि खिसाही विरळ करतं.

रेयॉनचा मोह सगळ्यांना होतो: मऊ, झुळझुळीत, रंग देखणे, भाव परवडणारा. लाकडाच्या लगद्यापासून बनतं, घामही भरपूर शोषतं. पण ओलं झालं की जड होऊन अंगाला लपेटतं आणि ओलेपणी त्याची ताकदही घटते, काखेत फाटतं ते त्यामुळे. ऑफिसात ठीक, उन्हातल्या कामाला नाही.

पॉलिएस्टरला सरसकट शिव्या देऊ नयेत, असं माझं मत झालंय. त्याच्या रेणूतच बेंझिनचं कडं असतं आणि ते अतिनील किरणांपैकी यूव्ही-बी हे किरण शोषून घेतं, त्यामुळे ऊन अडवण्यात ते सुतापेक्षा पुढे. नडतं ते घामाला. सूत स्वतःच्या वजनाच्या साडेआठ टक्के ओलावा हवेतून सहज धरतं, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. ड्रायफिट टी-शर्टात धाग्यांच्या बारीक पन्हाळींतून घाम बाहेरच्या बाजूला खेचला जातो, म्हणून सकाळी पळायला, सायकलला तो उत्तम. साधं गुळगुळीत पॉलिएस्टर आणि जाड टेरिकॉट (पॉलिएस्टर-सुताचं मिश्रण) मात्र उन्हाळ्यात नको. शाळांचे गणवेश अजून टेरिकॉटचे का शिवून घेतात हे मला न सुटलेलं कोडं आहे. इस्त्री टिकते म्हणून, असं म्हणतात. मूल टिकावं की इस्त्री?

शिवताना

इथे दुचाकीवरच्या सनकोटाचं उदाहरण घेते, कारण तयार मिळणारे बहुतेक सनकोट होजिअरीचे, अंगाबरोबरचे आणि हात मनगटाला संपणारे असतात. तिन्ही चुका एकाच कपड्यात.

छाती ३६ इंच असेल तर ४४ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) केम्ब्रिक अडीच मीटर घ्या. रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, न पिळता, सावलीत वाळवा. सूत पहिल्या पाण्यात आटतं आणि शिवल्यावर आटलं तर माप बोंबलतं. भिजवताना मीठ टाकायची पद्धत आहे. रंगवून झालेल्या कापडाचा रंग मिठाने पक्का होत नाही, मीठ वाचवा.

छातीच्या मापात किमान सहा इंच सैल धरा. खांद्याचा योक, म्हणजे खांद्यांवर येणारा वेगळा तुकडा, दुहेरी करा, पुढे गळपट्टीपासून चार इंच आणि मागे सहा इंच खाली येईल इतका. वरून ओतणारं ऊन इथेच पडतं. मागच्या योकचा खालचा काठ शिवून बंद करू नका. त्याखाली पाठीच्या तुकड्याला हातभर रुंद जाळीची पट्टी लावा आणि योक तिच्यावर पागोळीसारखा लोंबता ठेवा. गाडी चालली की हवा तिथून बाहेर पडते.

बाही मनगटाच्या पुढे तीन इंच लांब घ्या आणि अंगठ्यासाठी काज करा. हात मुठीवर पुढे गेला की बाही मागे सरकते, आणि हाताची पाठ वर्षानुवर्षं भाजत राहते. काखेत चौबगला (जादा चौकोनी तुकडा) घाला, म्हणजे हात उचलला तरी कापड ताणत नाही. कॉलर उभी, दीड इंचाची, दुहेरी. बाजूला दोन्हीकडे चिरा. इलॅस्टिक कुठेही नको. घाम साचतो आणि घामोळं तिथूनच सुरू होतं.

अस्तर लावायचंच असेल तर मलमलीचं. सुंदर सुती कुर्त्याला आतून पॉलिएस्टरचं अस्तर लावलं की सगळं मुसळ केरात.

शेतात काम करणाऱ्या बायका साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट चढवतात, ही कल्पना अगदी पक्की आहे. त्यात सुधारणा हवी ती कापडाची. जुना टेरिकॉट शर्ट घालण्याऐवजी दोन मापं मोठा सुती पॉपलिनचा शर्ट, आणि कापूस वेचताना बाह्या खाली. गोव्यातली जुनी कुणबी साडी बघा: जाडसर सूत, लाल चौकडा, आखूड नेस. चिखलात उतरणाऱ्या बाईने स्वतःसाठी ठरवलेला पोशाख आहे तो.

डोकं, कान, मान

क्रिकेटची टोपी कपाळ वाचवते, कान आणि मान उघडी टाकते. गांधी टोपीने आब राहतो पण सावली पडत नाही. चारी बाजूंनी किमान तीन इंच काठ असलेली सुती टोपी चांगली. विणलेली गवती टोपी घेताना उजेडाकडे धरून बघा, बऱ्याच नुसत्या भोकांच्या असतात. आणि या सगळ्यांना भारी पडतो तो दुपट्टा किंवा उपरणं: अडीच मीटर, मऊ सूत, डोक्यावर चार पदर, कानांवरून दोन, एक टोक मानेवर सोडलेलं. आमच्याकडे खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही म्हणतात. कांदा ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्याला दुपट्टाही असायचा. काम त्याचं आणि मान कांद्याला.

दुचाकीवर ओढणीची दोन्ही टोकं आत खोचा. चाकात ओढणी अडकणं हा उन्हापेक्षा मोठा धोका आहे. हेल्मेटखाली एकच पातळ सुती पदर पुरे, नाहीतर हेल्मेट सैल बसतं.

ओला दुपट्टा विदर्भात छान थंडावा देतो, मुंबईत फक्त ओलावा. पण लक्षात घ्या, ओलं पातळ पांढरं कापड अतिनील किरणांना जास्त वाट देतं. धाग्यांमध्ये पाणी भरलं की प्रकाश विखुरण्याऐवजी आरपार जातो. म्हणून ओला करायचा तर गडद किंवा दुहेरी.

तान्ह्या बाळाला मात्र कापडाच्या भरवशावर उन्हात नेऊच नका, सावली हाच उपाय. आणि उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग चटका बसेल इतकं गरम लागलं, तर कपडे सैल करा, पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. तिथे कापडाची चर्चा संपली.

धुणं आणि निवृत्ती

नवा सुती कपडा दोन-तीन धुण्यांनंतर उन्हाला जास्त अडवतो, कारण आटल्याने वीण जवळ येते. साबणाच्या पावडरीत पांढरेपणासाठी घातलेलं रसायनही मदत करतं. ते अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतं. नोटा तपासायच्या दिव्याखाली पांढरा शर्ट चमकतो तो त्यामुळेच.

कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव उन्हाळी कपड्यांना लावू नका. धाग्यांवर पातळ लेप बसतो आणि घाम टिपायची ताकद जाते. ड्रायफिटचं तर वाटोळंच. घट्ट खळही नको. तांदळाच्या पेजेची अगदी विरळ खळ मात्र मी मलमलीला मुद्दाम देते, कापड अंगापासून जरा सुटं राहतं. वाळवताना उलटं करून सावलीत.

दर वर्षी होळीच्या सुमारास कपाटातले उन्हाळी कपडे काढून एकेक दाराच्या उजेडाकडे धरते. खांदे आणि कोपर आधी विरतात. खांदा गेला असेल आणि बाकी कापड चांगलं असेल तर जुन्या ओढणीचा दुहेरी योक वरून टाकून आणखी दोन उन्हाळे निघतात. पाठही विरली असेल तर तो घरात घालायला, आणि बाह्या कापून हातरुमाल: सहा इंची चौकोन, एका सनकोटातून आठ निघतात.